हौसाचा बार

भात पिवळं झालं. खालच्या खाचरात लोंब्या वाकल्या, वरच्या टप्प्यावर नाचणीच्या कणसांनी मुठी आवळल्या, आणि पंधरवड्यापासून वानरांचा कळप पलीकडच्या कड्यावर येऊन बसलाय. पिकाची पाहणी करायला तलाठ्याच्या आधी तेच येतात. म्हणजे सुगी आली. आमच्या घरात मात्र यंदा ती दारापर्यंत येऊन बाहेरच थांबली. हौसा आषाढात गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिण्याचा सराव नाही. पण एक गोष्ट अशी आहे की ती बोलून पुरत नाही. बोललेलं वाऱ्यावर जातं, आणि आमच्या वाडीला वारा लय.

आमची वाडी पाटणच्या वर, डोंगराच्या कडेला. इथं आसपासच्या चार वाड्यांत एक म्हण चालते. कुणाची मोटार सुरू झाली नाही, जमलेली सोयरीक मोडली, चुलीवरचं दूध उतू गेलं, की लोक म्हणतात, 'झाला हौसाचा बार.' म्हणजे काम फसलं. जी पोरं आज ही म्हण वापरतात त्यांना हौसा कोण ते ठाऊकही नाही. हौसा माझी बायको. तिच्या तेराव्याला पंगत बसली होती. वाढप्याच्या हातून आमटीचं पातेलं कलंडलं आणि पंगतीतला एकजण हसत म्हणाला, "केलास न्हवं गड्या हौसाचा बार." तिच्याच तेराव्याचं जेवण, तिच्याच अंगणात. आणि एकाचीही मान वर झाली नाही, इतकी ती म्हण अंगवळणी पडलेली. माझी झाली. हातातला घास मी पानात ठेवला आणि ठरवलं, ह्या म्हणीतून तिचं नाव काढायचं. ते निघालं की मी मोकळा.

म्हण कशी जन्मली ते सांगतो. त्यासाठी आधी बंदुकीचं सांगायला लागेल.

डोंगरातल्या शेतकऱ्याला पीक राखायला परवान्याची बंदूक मिळते. ठासणीची. तिला तयार काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा घालायचा, गजानं ठासायचं, वर छर्रे, पुन्हा बोळा. आमच्याकडं ती आज्यापासून चालत आलेली. लोक नळी भरभरून बार भरायचे. आवाज जितका मोठा तितका माणूस मोठा, असा हिशोब. खांदा सुजायचा, म्हशी दावं तोडायच्या, आणि वानर एकदा दचकून दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं ते यायचंच.

हौसा मेढ्याकडची. तिचा बाप पलटणीतून आलेला, हत्यारांच्या खोलीवर नोकरी केलेला. त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं सगळं पोरीला शिकवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीला मी बार भरताना तिनं उंबऱ्यातून पाहिलं आणि म्हणाली, "आवं, हाकलायचं हाय का मारायचं हाय?"

म्हटलं, "हाकलायचं."

"मग एवढी दारू कशाला? लगीन हाय व्हय वानराचं?"

तिचा बार निम्म्या ताकदीचा असायचा. दारू कमी, छर्रे नावाला चार, आणि तेसुद्धा समोरच्या रिकाम्या उतारावर मारायचे. माती उडाली की जनावर पळतं. मला वाटलं, हे तर सोपं झालं. कमी दारू म्हणजे कमी धोका. तेव्हा तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती अजून आठवते. शाळेत मास्तर बघायचे, तशी. म्हणाली, "दारू कमी केली की नळीत जागा उरती. ती उरलेली जागाच माणसाला खाती. भरल्या बंदुकीला भ्यावं त्येच्यापरीस अर्ध्या भरलेल्या बंदुकीला जास्त भ्यावं."

म्हणून ती जागा भरायची. आणि भरायची कशानं, ह्यातच तिची सगळी विद्या. कागद चालत नाही, तो जळत बाहेर पडतो आणि सुगीत सगळीकडं पेंढा पसरलेला. भाताचा कोंडा चालत नाही, जरा दमट झाला की आत दगड होतो. तिचा भर नारळाच्या शेंड्यांवर. देवीच्या देवळात लोक नारळ फोडायचे, शेंड्या पायरीवर पडायच्या. हौसा आणि आमची पोरगी सुमन त्या वेचून आणायच्या. चुलीवरच्या शिंकाळ्यात आठ-आठ दिवस वाळवायच्या. मग दुपारी भांडीकुंडी आवरून हौसा काथ्या पिंजत बसायची. मऊ, हलका, बोटाला टोचणार नाही असा. तिच्या हाताला कायम काथ्याचा आणि धुराचा वास. कधी रात्री पदर तोंडावर घेऊन झोपली तरी तो वास यायचा. आता चुलीवर शिंकाळं तसंच आहे. मी काढत नाही, कुणी काढायला आलं तर काढू देणार नाही.

गजाला तिनं काळा धागा बांधला होता. बार भरून झाला की गज आत सोडायचा. धागा नळीच्या तोंडाशी बरोबर आला तर बार जागेवर. धागा वर दिसला तर आतला बार पुढं सरकलाय, मागं पोकळी झालीय. अशी बंदूक उडवायची नाही. तिचं एवढंच म्हणणं असायचं, "घरनं निघताना धागा बघा, आन् उडवायच्या आधी बघा. मधी माणूस चालतोय, बंदूकबी चालती."

आता त्या सुगीचं.

सुमन तेव्हा पाचवीत होती. परतीचा पाऊस लांबला होता. भात कापणीला आलं तरी आभाळ फाटकंच, घटकाभर ऊन, घटकाभर भुरभुर. ओल्या भाताला एक वास असतो, आंबूस-गोड, तो सगळ्या खोऱ्यात भरला होता. त्या वर्षी डुकरं दिवसाढवळ्या यायची. सकाळी आठला, अंगणातल्या कोंबड्या हिंडाव्यात तशी खाचरात हिंडायची. सगळ्या वाडीनं ठरवलं की एका सकाळी हाका घालायचा, सगळ्या बंदुका एकदम काढायच्या. वाडीत तेव्हा बंदुका आठ.

हौसानं घरात बार भरला, धागा बघितला, बंदूक माझ्या हातात दिली. बाहेर भुरभुर चाललेली. आमच्याकडं पावसात बंदूक नळी खाली करून खांद्याला लावायची रीत आहे, नळीत पाणी जाऊ नये म्हणून. सगळ्यांनी तशीच लावली, मीही लावली. तशी खाली तोंड करून मी दोन ओढे उतरलो, सात-आठ बांध उड्या मारत चढलो. हौसा मागनं विळा घेऊन येत होती, कापणीला. वरच्या बांधावर पोचलो तेव्हा तिथं बाळनाना होता. बाळनाना म्हणजे माझ्या बरोबरीचा, शेजारच्या घरचा, आणि वाडीतल्या सगळ्या थट्टेचा मालक. अजून सहा-सातजण होते. खाली भातात डुकरं खसपसत होती.

हौसा खालच्या बांधावरनं ओरडली, "आवं, गज घाला. धागा बघा आधी."

बाळनाना हसला. "जा सदा, घरमालकीण बोलावती. परवाना तिच्याच नावावर हाय का रं?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि म्हणालो, "बायकोच्या हुकमानं बार काढाय लागलो तर बांगड्या भरीन."

गज मी घातला नाही. चाप ओढला.

पुढचं सगळं आवाज नसलेलं आठवतं. नळी मधोमध उमललेली, केळफुलासारखी. डाव्या हाताचा अंगठा नव्हता. भाताच्या पिवळ्या लोंब्यांवर लाल शिंतोडे, आणि गंधकाचा जळका वास. हौसा बांध चढून आली कशी मला ठाऊक नाही. तिनं लुगडं फाडून हात बांधला आणि सारखी एकच गोष्ट बोलत होती. कान बंद होते म्हणून ऐकू आलं नाही. ओठ दिसत होते. नंतर खूप वर्षांनी मी विचारलं, काय म्हणत होतीस. म्हणाली, "मोजत हुते. एक, दोन, तीन. आमचं बाबा म्हणायचं, रगात थांबस्तवर मोजत ऱ्हावं, म्हंजी हात कापत न्हाईत."

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा वाडी बघायला आली. बाळनाना खाटेशी बसला आणि म्हणाला, "सदा, खरं सांग. बार तू भरला हुतास का तिनं?"

मी म्हणालो, "तिनं."

"तरीच. बाईच्या हातचा बार. आन् तोबी अर्धा. फुटंल न्हाई तर काय हुईल?"

बोलायची ती वेळ होती. बार चांगला भरला होता, मी उलटा टांगून नेला, सरकवला, आणि सांगूनही बघितला नाही. एवढी तीन वाक्यं. मी मान हलवली. होय म्हणून. त्याच वेळी हौसा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं ती मान बघितली. कप दिले, आत गेली. त्यावर ती जन्मात एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. तिनं मला तसं मोकळं होऊ दिलं नाही. ते तिचं बरोबरच होतं.

दिवाळीच्या आत म्हण तयार झाली. हौसाचा बार.

आता ह्याच्या पुढचं, यंदाच्या दसऱ्यापर्यंत वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं, ते लिहितो. पुढच्या वर्षी दुसरी बंदूक घेतली. पण डाव्या हाताला अंगठा नसलेल्या माणसाला बार ठासता येत नाही. मग इतकी वर्षं माझी बंदूक भरली कुणी? तिनंच. दार लोटून, चुलीच्या उजेडात. बाहेर बसलेल्या माणसांना मी सांगायचो, थांबा, बार भरून आणतो. आत जायचो, रिकामा बसायचो, ती भरायची. धागा बघायची, मला दाखवायची. मग मी बंदूक घेऊन ऐटीत बाहेर. सगळी वाडी म्हणायची, सदाचा बार कधी फुसका जात नाही. आणि त्याच तोंडानं दुसऱ्या कामाला म्हणायची, हौसाचा बार झाला. ती हे दोन्ही ऐकायची आणि काथ्या पिंजायची.

ती गेल्यावर लोक मला म्हणतात, मन रमवा. भजनाला या. टीव्ही घ्या मोठा. सुमन म्हणते आष्ट्याला चला. घर रिकामं झालं की प्रत्येकाला त्यात काहीतरी कोंबायची घाई. मी सांगतो, मला काही नको. वाटेल ते कोंबून जागा भरत नसते, हे मी बोट घालवून शिकलोय. बरं आहे तसं आहे. सकाळी उठतो, दोन कप चहा टाकतो, दोन्ही पितो.

सुमनला आष्ट्याला दिली, तिकडं ऊस, पाणी, सपाट रान. यंदा दसऱ्यासाठी ती दोन दिवस आधीच आली. अंगणात बसून गोंड्याची माळ ओवत म्हणाली, "आण्णा, आता बंदूक ठेवून काय करणार? भरणार कोण?"

मी म्हटलं, "म्हंजी? मी भरतोय की."

तिनं मान वर केली नाही. "आण्णा, शेंड्या येचाय मी जात हुतो आईसंगं. मला काय म्हाईत न्हाई व्हय?"

"मग येवढी वर्सं बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलायची वाट बघत हुतो. आमी दोघीबी."

तिकडं सासरी राहून ती तिकडच्या बायांसारखं 'जातो, येतो' बोलते, त्याला मी एरवी हसतो. त्या दिवशी हसलो नाही. दोघीही वाट बघत होत्या. एक बघता बघता गेली.

खंडेनवमीला वाडीतल्या सगळ्या बंदुका देवळात आणतात. घोंगडी अंथरून तिच्यावर ओळीनं मांडायच्या, हळद-कुंकू, गोंड्याचं एकेक फूल. बायकांनी त्या घोंगडीला पाय लावायचा नाही. बंदुका आता पाचच राहिल्या. माणसं वीस-पंचवीस होती. पूजा झाल्यावर एका तरण्यानं मानाचा बार काढला, तो फुसका गेला, नुसता धूर. बाळनाना म्हातारा झाला तरी जीभ तशीच. म्हणाला, "आरं, हौसाचा बार केलास की."

माझ्या तोंडातनं आपोआप आलं, "नाना, म्हण बदलाय लागंल."

"का रं?"

"त्यो बार हौसाचा नव्हता. माझा हुता."

मग सगळं सांगितलं. उलटी टांगलेली नळी, ओढे, बांध, धागा, बांगड्यांची थट्टा. बाळनानानं काय म्हटलं ते आणि मी काय म्हटलं ते. खाटेवर हललेली मान. सगळ्यात शेवटी हे सांगितलं की गेली इतकी वर्षं माझ्या नावाचे बार तिनं भरले. डावा हात वर करून दाखवला. म्हटलं, "ह्या हातानं कोण ठासून दाखवतंय बघू. या म्होरं."

कुणी आलं नाही. देवळात गोंड्याचा वास आणि मगाचा धूर, दोन्ही एकत्र लोंबकळत होते.

बाळनाना म्हणाला, "सदा, आता मेलेल्या माणसाचं कशाला उकरतोस?"

"मेलेल्या माणसाचं नाव आत्ता कुणी घेतलं? तू घेतलंस. मी जित्याचं बोलतोय. माझं आन् तुझं."

मग ज्याचा बार फुसका गेला होता तो तरणा जवळ आला. म्हणाला, "आण्णा, डुकरं हाकलाय आमीबी दारू कमीच घालतोय. वर काय घालायचं, किती घालायचं, जरा दाखवा की."

मी म्हणालो, "येत न्हाई मला. मी पोकळीला भ्यायला शिकलोय, भराय न्हाई शिकलो. शिकवणारी सुगीच्या सुगी तुमच्यात वावरली. तवा कुणी इच्यारलं न्हाई. अंदाजानं करू नगा, बोटं जातील. नुसतं पत्र्याचं डबं बडवा, ते बरं."

त्या उत्तराचं लोकांना वाईट वाटलं असेल. वाटू दे. एक विद्या आमच्यात राहत होती, आणि आम्ही तिची म्हण केली.

दसरा झाल्यावर बंदूक जमा करायला ठाण्यात गेलो. सुमन बरोबर होती. लिहिणारा पोलीस वयानं लहान, बोलायला चांगला. फॉर्म भरताना म्हणाला, "काका, जमा करायचं कारण काय लिहू? वय झालं, असं लिहितो."

"वय न्हाई झालं. लिहा, बंदूक भरणारी वारली."

त्याचं पेन थांबलं. "काका, परवाना तुमच्या नावावर आहे. भरणारी असं कसं लिहू? उगाच तुमच्याच अंगाशी येईल."

"येऊ द्या. इतकी वर्सं आलं न्हाई त्येच चुकलं."

सुमननं माझी बाही ओढली. मी सही करायचं पेन खाली ठेवलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, हाताकडं बघितलं. काय लिहिलं ते त्यानं वाचून दाखवलं, "पत्नीचे निधन झाल्याने शस्त्र वापरणे शक्य नाही." मी म्हटलं, वापरणे काढा, भरणे लिहा. त्यानं खोडलं, भरणे लिहिलं. मग मी सही केली. वळून बघितलं नाही. सुमनला तिथनंच आष्ट्याच्या एसटीत बसवलं. तिनं खिडकीतनं पुन्हा विचारलं, चला म्हणून. मी म्हटलं, भात उभं हाय.

आता डबा वाजवून वानरं हाकलतो. ती ऐकत नाहीत. दोन कणसं त्यांची, एक माझं, असं चाललंय. भात थोडं कमी येईल. येऊ दे.

काल दुपारी कापणी करत होतो. खालच्या अंगाला शेजाऱ्याचं मळणीयंत्र आलेलं, ते सुरूच होईना. त्याची सून कमरेवर हात ठेवून उभी. ती देवळात नव्हती, बायका नसतातच. नवऱ्यानं चौथ्यांदा दोरी ओढली, यंत्र भस्सकन धूर टाकून बंद पडलं, आणि ती म्हणाली, "झालं. केलासा सदाआण्णाचा बार."

मग तिची नजर बांधावर गेली. मी उभा. तिनं जीभ चावली, पदर ओढला, तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "आण्णा, चुकलं. तोंडातनं गेलं."

मी विळा कमरेला खोवला. म्हटलं, "चुकलं न्हाई, बाई. आत्ता कुठं बरोबर आलं. आजून एकदा म्हण. मोठ्यानं म्हण, वरल्या वाडीला जाऊ दे."